पंच्याऐंशी की नव्वद?

काकाजींपुढे सध्या एकच प्रश्न आहे आणि तो पाच मिलिमीटरचा आहे. पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स घ्यावी की नव्वदची? यातला 'सध्या' बराच जुना आहे. तो सुरू झाला तेव्हा समोरच्या क्वार्टरातली मुलगी बारावीला होती. आता तिचा मुलगा शाळेत जातो आणि सुट्टीत आजोळी आला की फाटकावर लोंबकळत विचारतो, "आजोबा, ठरलं का?"

भिलाईच्या रुआबांध्यात निवृत्त माणसांना तोटा नाही. प्लँटमधून सुटलेली, लीजवर क्वार्टर घेऊन इथेच मुरलेली मंडळी. कुणी सकाळी मैत्रीबागेच्या दिशेने पाय मोकळे करायला जातो, कुणी परसातल्या पपया वाटत फिरतो, कुणी मुलाच्या अमेरिकेतल्या पगाराचे रुपये करून सांगतो, आणि कुणी सेक्टर-९च्या हॉस्पिटलात स्वतःच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्यांच्या रिपोर्टांत जास्त रमतो. काकाजी यांतल्या कुठल्याच खात्यात बसत नाहीत. ते निवडतात. घेत नाहीत, निवडतात. मराठी माणसांच्या प्रत्येक वस्तीत या जातीचा एक तरी नमुना असतोच. फ्रिज घ्यायचा म्हटलं की अख्खी गल्ली ज्याच्याकडे सल्ल्याला जाते आणि ज्याच्या स्वतःच्या घरी अजून माठ असतो, तो हा माणूस.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. सबंध हयात रेल मिलच्या तपासणीत गेली. भिलाईचा रूळ देशभर जातो आणि त्यावरून रात्रीबेरात्री माणसं झोपून प्रवास करतात. तेव्हा बाहेरून कितीही गुळगुळीत दिसला तरी अल्ट्रासॉनिकने त्याचं पोट तपासायचं, आणि आत केसाएवढी चीर निघाली की खडूने फुली मारायची. शंका असेल तर फुलीही नाही नि पासही नाही. "बाजूला ठेवा, पुन्हा बघू." हे वाक्य काकाजी प्लँटमधून घरी घेऊन आले आणि घरात लागू केलं. टरबूज घ्यायला गेले की एकेक उचलून कानाशी नेऊन वाजवतात. सुपेल्याच्या बाजारातली बाई शेवटी म्हणते, "ले न कका, अउ कतका ठोकबे?" काकाजी टरबूज खाली ठेवतात. बाजूला ठेवा, पुन्हा बघू. मुलीसाठी आलेली स्थळंही अशीच बाजूला ठेवत गेले. शेवटी मुलीने आपल्या मनाने रायपूरला कोर्टात लग्न केलं आणि आईबापांना फोन करून बोलावलं. जावई चांगला निघाला. काकाजींनी अजून त्याला पास केलेला नाही, पण फुलीही मारलेली नाही.

आता कॅमेरा. काकाजींकडे झोर्की-४ आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हे कॅमेरे लाखांनी बनले. तो काकाजींकडे कसा आला, याच्या घरात दोन अधिकृत आवृत्त्या आहेत. काकाजींची अशी, की ऐंशीच्या दशकात चाळीस लाख टनांच्या विस्तारासाठी रशियन तज्ज्ञ आले होते, त्यांतल्या एका साहेबाने मायदेशी जाताना प्रेमाने दिला. काकूंची अशी, की साहेबाने नाही, साहेबाच्या ड्रायव्हरने दिला, आणि प्रेमाने नाही, रोख घेऊन दिला, आणि त्या महिन्यात घरचा किराणा उधारीवर आला.

झोर्की हा रेंजफाइंडर कॅमेरा. खिडकीतून पाहिलं की मध्यभागी समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक खरी आणि एक पिवळट भुतासारखी. लेन्सची कडी फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. जिथे दोन्ही मिळून एक झाल्या, तिथे फोकस. आता नशिबाचा खेळ बघा. दोनाचं एक करणं हे ज्या यंत्राचं काम, ते अशा माणसाच्या हाती पडलं, जो एकाचे दोन केल्याशिवाय स्वस्थ बसत नाही.

कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. कारण झोर्कीत शटरची गती बदलायची ती आधी शटर भरूनच. न भरता चकती फिरवली तर आतलं यंत्र बिघडू शकतं. हा नियम ते नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी सांगतात. पोस्टमनलाही सांगून झाला आहे.

त्यावर ज्युपिटर-८ ही पन्नास मिलिमीटरची लेन्स आहे आणि कुणाचाही संसार तिच्यावर सुखाने होतो. मग पंच्याऐंशी-नव्वद कशाला? तर काकूंचा एक चांगला फोटो काढायचा आहे म्हणून. पन्नासच्या लेन्सने नुसता चेहरा चौकटीत भरायचा तर मीटरभर अंतरावर जावं लागतं, आणि इतक्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे पळतात. खरं म्हणजे हा गुन्हा लेन्सचा नाही, अंतराचा. चार पावलं मागे सरका, नाक आपोआप जागेवर बसतं. पण मागे सरकलं की चेहरा चौकटीत लहान होतो. म्हणून थोडी लांब लेन्स: उभं दोन मीटरवर राहायचं आणि चेहरा मात्र भरघोस घ्यायचा. जगभरचे फोटोग्राफर याच कारणाने माणसांच्या चेहऱ्यांसाठी पंच्याऐंशी ते एकशेपाचच्या आसपास घुटमळतात. काकाजीही घुटमळले. फरक इतकाच, की बाकीचे घुटमळून पुढे गेले.

पंच्याऐंशी म्हणजे ज्युपिटर-९. एफ-२ इतकी मोठी उघडणारी, सात काचांची, पंधरा पात्यांच्या झापडीची. ती दुर्गला एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या मालकाकडे आहे. नव्वद म्हणजे जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीची एल्मार, एफ-४, चार काचांची, अंगाने सडसडीत. ती नागपूरला, काकूंच्या धाकट्या भावाच्या कपाटात. दोन्हींच्या मागचे आटे एकोणचाळीस मिलिमीटरचे, दोन्ही झोर्कीवर चढतात. एवढं झाल्यावर सामान्य माणूस खिशात हात घालतो. काकाजींनी वही काढली.

वहीच्या पहिल्या पानावर अर्थातच इतिहास आहे. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, करार २ फेब्रुवारी १९५५चा. राउरकेल्याचा पश्चिम जर्मनांच्या मदतीने. म्हणजे ज्युपिटर ही भिलाईची आणि एल्मार ही राउरकेल्याची! एकदा हे ध्यानात आल्यावर लेन्सचा प्रश्न लेन्सचा राहिलाच नाही. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी ३ फेब्रुवारीला राउरकेल्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली आणि ४ फेब्रुवारीला भिलाईची. तो एक दिवस काकाजींच्या मनात अजून सलतो. ते तेव्हा गोंदियाला पाळण्यात होते, पण सल वारशाने मिळतो. "एक दिवस, फक्त एक दिवस!" असं ते म्हणतात, तेव्हा नव्या माणसाला वाटतं की यांची गाडी चुकली असावी.

त्यात सोव्हिएत लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुधा तिचं जन्मसाल सांगतात. दुर्गच्या ज्युपिटरचा नंबर ५९ने सुरू होतो. हे कळलं त्या संध्याकाळी काकाजी फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "एकोणसाठ! आपल्या फर्नेसच्या सालची!" मला वाटलं, सुटलो. पेढे मागवायला हरकत नाही.

पण तपासणीवाला माणूस पोट तपासल्याशिवाय राहत नाही. आठवड्याभरात त्यांना समजलं की ज्युपिटर-९ मुळात रशियन नाहीच. ती झाइस या जर्मन कंपनीची सोनार. लुडविग बेर्टेले नावाच्या जर्मनाने आखलेली. युद्ध संपल्यावर रशियनांनी भरपाई म्हणून झाइसची यंत्रं, काच, नकाशे सगळं उचलून नेलं आणि तीच लेन्स ज्युपिटर नावाने काढली. काकाजी दोन दिवस जेवणावर रुसले. म्हणजे इकडूनही जर्मन आणि तिकडूनही जर्मन! "मग आपलं काय राहिलं बाप्पा?" हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. काकू म्हणाल्या, "वरण राहिलंय, ते गरम आहे तोवर खा."

एल्मारचं दुखणं वेगळं. लाइट्झच्या लायका कॅमेऱ्यांच्या रेंजफाइंडरचं गणित ५१.६ मिलिमीटरच्या लेन्सला धरून केलेलं असतं आणि सोव्हिएत कॅमेऱ्यांचं ५२.४ला धरून. पन्नासच्या लेन्सला लांबच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण लांब लेन्सने जवळचा चेहरा टिपताना फोकस थोडा सरकू शकतो. "शून्य पूर्णांक आठ!" काकाजी बोट नाचवतात. "आमच्याकडे रुळात एवढा फरक आला तर अख्खी पाळी थांबवत होतो आम्ही." त्यातून एल्मार मेहुण्याची. मेहुणा म्हणतो, दाजी, पैसे कसले देता, तशीच घेऊन जा. ही तर मोठीच अडचण. विकत घेतलेली वस्तू नापास करता येते. सासरची फुकट आलेली वस्तू कशी नापास करणार?

मग उजेडाचा हिशोब. एफ-२ आणि एफ-४ यांत उजेडाचा चौपट फरक. संध्याकाळी व्हरांड्यात, रातराणीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात काकू छान दिसतात, यावर सगळ्यांचं एकमत आहे. त्या वेळी एल्मार लावली तर शटर इतकं मंद ठेवावं लागतं की काकूंनी श्वाससुद्धा परवानगीने घ्यायचा. ज्युपिटरला उजेड पुरतो, पण पूर्ण उघडली तर दीड मीटरवरून पावणेचार सेंटीमीटर खोलीच काय ती नीट उतरते. एल्मारला साडेसहा. या विषयावरचं परिसरातलं शेवटचं मत आता काकूंचं मानलं जातं. "ज्युपिटरात डोळे आले तर कान जातात," त्या भाजी निवडता निवडता सांगतात. "एल्मारात कान येतात, पण अंधार पडतो. तुम्ही चहा घेणार ना?"

काकूंना हे ज्ञान सुखासुखी मिळालेलं नाही. झोर्कीच्या खिडकीत पंच्याऐंशी किंवा नव्वदची चौकट नसते, त्यासाठी वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. काकाजींनी तो घेतलेला नाही, कारण कुठला घ्यावा हे लेन्स ठरल्यावर ठरणार. तोवर त्यांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला दोन खिडक्या कापल्या आहेत. एकीवर ८५ लिहिलंय, दुसरीवर ९०. डोळ्यापासून ठराविक अंतरावर पुठ्ठा यावा म्हणून त्याला सुतळी बांधून तिचं टोक दातात धरतात. व्हरांड्यात खुर्चीवर काकू, दोन मीटरवर खडूच्या रेघेवर काकाजी, तोंडात सुतळी. उभ्या चौकटीत पंच्याऐंशीला पंच्याऐंशी सेंटीमीटर उंची मावते, नव्वदला ऐंशी. हे पाच सेंटीमीटर म्हणजे नेमका काकूंचा अंबाडा. पंच्याऐंशीत अंबाडा येतो, नव्वदीत कापला जातो. "मग अर्धा फूट मागे सरका ना," असं मी एकदा म्हणालो. काकाजींनी दातातली सुतळी काढली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दातात धरली. मागे भिंत होती हे मला दिसायला हवं होतं.

या सगळ्यात फोटो एकही निघालेला नाही. कॅमेऱ्यात रोल आहे. तो अकराव्या चित्रावर थांबलाय. उरलेली पंचवीस लेन्स ठरल्यावर काढायची आहेत, उगाच पन्नासवर कशाला वाया घालवा? मधल्या काळात ऊटीची इंदू फिल्म इतिहासजमा झाली, गावातल्या रोल धुणाऱ्यांनी पासपोर्ट फोटोंची आणि झेरॉक्सची दुकानं टाकली, आणि काकूंच्या केसांचा रंग बदलून उजेडाचा सगळा हिशोबच नव्याने मांडावा लागला. पहिल्या अकरा चित्रांत काय आहे, हे आता कुणालाच आठवत नाही. काकूंना एक संशय आहे, की त्यात ड्रायव्हर आहे.

बेंगळुरूचा पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्याने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "काका, मग दोन्ही घेऊन टाका ना." खोलीत अशी शांतता पसरली, की मला वाटलं आता हा पोरगा पुढच्या दिवाळीला घराबाहेरच. काकाजी रागावले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे फार करुणेने पाहिलं. ज्या पिढीला वस्तू घेणं हाच वस्तूच्या प्रश्नावरचा उपाय वाटतो, तिला काय सांगणार? पुतण्याने मग फोनवर पोर्ट्रेट मोड लावून काकूंचा फोटो काढला. मागची रातराणी झकास धूसर झाली. अंबाड्याचा डावा अर्धाही झाला. "नापास," काकाजी म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर समाधान दिसलं.

गेल्या महिन्यात दुर्गहून फोन आला. स्टुडिओवाले म्हणाले की ज्युपिटरला रायपूरचं गिऱ्हाईक आलंय, पोरगा दुपारी येतोय, तुमचं काय ते आज सांगा. काकाजींनी तीनदा चष्मा पुसला. मग मला म्हणाले, "स्कूटर काढा." मी उत्साहाने काढली. मला वाटलं, घ्यायला चाललोय. अर्ध्या वाटेत कळलं की ते त्या पोराला सावध करायला चाललेत.

दुर्गला पोरगा आधीच पोचला होता. पंचविशीचा, पाठीवर भली मोठी बॅग. काकाजींनी शटर भरण्याचा नियम सांगितला, मग नाव विचारलं, आणि लेन्स हातात घेऊन तपासणी सुरू केली. टॉर्च आरपार मारून बुरशी पाहिली. पंधरा पाती मोजून दाखवली आणि त्यांवरचं तेल दाखवलं. फोकसची कडी जड फिरते, कारण जुनं ग्रीस आवळलंय, आणि मागे कुणी हौशी माणसाने उघडून आटे चुकीच्या जागी सुरू केले असतील तर अनंतावरचा फोकस कधीच लागणार नाही, हे सांगितलं. बेर्टेले सांगितला, युद्ध सांगितलं, राउरकेला सांगितलं. स्टुडिओवाल्यांनी मधेच आपल्या बाजूने दोन शब्द टाकायचा प्रयत्न केला, तर काकाजी म्हणाले, "आप बैठिए, आपको मालूम नहीं आपके पास क्या चीज़ है." पोरगा सगळं मन लावून ऐकत होता. मधे मधे "जी अंकल" म्हणत होता. मी मनात म्हटलं, हा आता पळणार आणि ज्युपिटर पुन्हा आपली.

त्याने बॅगेतून डिजिटल कॅमेरा काढला. कॅमेऱ्यावर एक धातूची कडी फिरवली आणि कडीवर ज्युपिटर फिरवली. काकाजींचा हात नकळत पुढे गेला. "अरे, रेंजफाइंडर?"

"इसमें लगता ही नहीं अंकल. स्क्रीन पे दिख जाता है."

५१.६ नाही, ५२.४ नाही, पुठ्ठा नाही, सुतळी नाही. पोराने काकाजींना दाराच्या उजेडाकडे थोडं वळवलं, कडी हलकेच फिरवली आणि एक फोटो काढला. मग पडदा त्यांच्यापुढे धरला. खरं सांगतो, मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असे कधी पाहिले नव्हते. डोळे जिवंत, भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असा, गालाची सुरकुती लोण्यासारखी, आणि मागचं सगळं, धूळ खात पडलेल्या फ्रेमा, कॅलेंडर, स्टुडिओवाल्यांचं टक्कल, धुक्यात गेलेलं. काकाजी बराच वेळ पाहत राहिले.

"कान आउट आहेत," ते म्हणाले. मग पोराला कळावं म्हणून हिंदीत, "कान आउट हैं."

"वही तो चाहिए था अंकल!"

काकाजींनी आपला कान चाचपून पाहिला. पोराने तिथल्या तिथे स्टुडिओवाल्यांना फोनवरून पैसे चुकते केले, भाव न करता. त्या धक्क्यातून स्टुडिओवाले अजून सावरले नसावेत. मग लेन्स बॅगेत ठेवता ठेवता त्याची नजर काकाजींच्या गळ्यातल्या झोर्कीवर गेली. निघताना कशाला घातला होता कोण जाणे. "अंकल, ये तो कमाल है. ये बेचेंगे क्या? जो बोलें."

"नहीं," काकाजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर ते गप्प होते. नेहरूनगरच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून एकदा "साडेसहा सेंटीमीटर" असं पुटपुटल्यासारखं वाटलं. घरी पोचल्यावर काकूंना सगळी हकीकत मीच सांगितली. ज्युपिटर गेली, या बातमीवर त्यांनी मान हलवली आणि तांदूळ निवडत राहिल्या. पण झोर्की मागितला आणि काकाजींनी जागच्या जागी नाही म्हटलं, हे सांगितलं तेव्हा त्यांचे हात थांबले.

"जागच्या जागी?"

"लगेच."

"विचार न करता? वही न काढता?"

"हो."

काकूंनी ताट बाजूला ठेवलं, उठल्या आणि काकाजींच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ऊन लागलं वाटतं," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही बसा जरा. मी कांदा किसून आणते."